सिम्फनी ऐकायला शिकताना: हेडफोन ते जमशेद भाभा थिएटर

परवा ऑफिसमधल्या एका मुलीने विचारलं, वेस्टर्न क्लासिकल ऐकायचंय पण सुरुवात कुठून करू? जेवायच्या सुट्टीत जमेल तेवढं सांगितलं पण बरंच राहून गेलं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय, अजून कोणाला उपयोग झाला तर बरंच.

मी पुण्याचा, घरात सगळं हिंदुस्थानी. लहानपणी सवाईला आईबाबांबरोबर शाल गुंडाळून सतरंजीवर बसायचो. सिम्फनी (म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्राने वाजवायची, काही भागांत विभागलेली मोठी रचना) वगैरे घरात कोणालाच माहीत नव्हतं. पहिली सीडी मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतली (2016 ला ते बंद झालं, अजून तिथून जाताना पोटात कसंतरी होतं), नॅक्सॉसची, कारण तीच परवडणारी होती. क्लाउस हायमान यांनी 1987 ला हाँगकाँगमधून ही कंपनी काढली, नावाजलेल्या कंडक्टरांच्या (म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेणाऱ्यांच्या) मागे न लागता ब्रातिस्लाव्हासारख्या ठिकाणच्या ऑर्केस्ट्रांकडून वाजवून घेतलं आणि स्वस्तात विकलं. माझ्यासारख्या कितीतरी जणांना त्या स्वस्त सीडींनीच या संगीताची गोडी लावलीये.

आता ऐकायचं कसं. एकच सिम्फनी घ्या आणि महिनाभर तीच ऐका. बेथोवनची पाचवी घ्या, अर्ध्या तासाच्या आसपास आहे, तिचे चार भाग आहेत. आपल्या कानांना सुरुवातीला त्रास होतो त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं, आपल्याकडे तानपुरा चालू असतो, षड्ज एका जागी पक्का असतो आणि गवय्या कुठेही जाऊन तिथे परत येतो, इथे षड्जच हलतो! पाच मिनिटांत दोन-तीनदा घर बदलतं. ते बदलल्याचं कळायला लागलं की अर्धी लढाई जिंकलात. आणि एक जागा मुद्दाम शोधा, पहिल्या भागात निम्म्याहून जास्त वेळ गेल्यावर सगळा गदारोळ अचानक थांबतो आणि एकटा ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) दोन-तीन श्वासांपुरता आलाप घेतल्यासारखं वाजवतो. मला ती जागा सापडली तेव्हा मी इंद्रायणीत खिडकीपाशी बसलो होतो आणि कर्जत येईपर्यंत तेवढाच तुकडा मागे नेऊन ऐकत होतो.

मग तीच सिम्फनी दुसऱ्या ऑर्केस्ट्राची ऐका. मी अमेरिकेतल्या मिनेसोटा ऑर्केस्ट्राची घेतली, ओस्मो वॅन्स्का कंडक्टर, बिस नावाच्या स्वीडिश कंपनीने काढलेली. नंतर त्यांनीच वाजवलेला सिबेलियस, हा फिनलंडचा संगीतकार. त्याची चौथी सिम्फनी चेलो आणि डबलबेस ही मोठी तंतुवाद्यं आणि बसून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य यांच्या खर्जात सुरू होते, रात्री दिवा बंद करून ऐका.

हे सगळं रोज कानात चालू असताना मला पत्ताच नव्हता की तिकडे तो ऑर्केस्ट्राच बंद आहे. 1 ऑक्टोबर 2012 ला पगारकपातीच्या वादात व्यवस्थापनाने वादकांना बाहेर ठेवून टाळेबंदी केली, ती जवळजवळ सोळा महिने चालली, वादकांनी मिळेल त्या हॉलमध्ये स्वतःच कार्यक्रम केले, वॅन्स्कांनी 2013 च्या ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. 2014 च्या जानेवारीत तोडगा निघाला आणि त्याच महिन्यात त्यांच्या सिबेलियसच्या पहिल्या आणि चौथ्या सिम्फनीच्या रेकॉर्डिंगला ग्रॅमी मिळालं. हे वाचल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. वॅन्स्का नंतर परत आले, ऑर्केस्ट्रा सावरला, पण सगळ्यांचं तसं होत नाही. अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने 2011 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ते त्यातून बाहेर आले, सॅन अँटोनियोचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा मात्र 2022 मध्ये कायमचा बंद झाला.

कारण समजायला अवघड नाही. बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी 1966 मध्येच मांडलंय की कारखान्यात यंत्रं येतात आणि तेच काम कमी माणसांत होतं, पण बेथोवनच्या चौकडीला (चार तंतुवाद्यांच्या रचनेला) दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं लागायची आणि आजही चारच लागतात, वेळही तेवढाच लागतो, पगार मात्र बाकीच्या धंद्यांतल्या पगारांबरोबर वाढवावे लागतात. तिकिटांतून खर्च भागत नाही, मग देणगी नाहीतर सरकारी मदत. स्ट्रीमिंगचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी अठरा मिनिटांचा भाग आणि तीन मिनिटांचं गाणं एकसारखंच मोजलं जातं.

म्हणून नवख्यांना माझं कळकळीचं सांगणं, रेकॉर्डिंगवर शिका पण वर्षातून एकदा तरी समोर बसून ऐका. आपल्याकडे मुंबईत एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, 2006 पासून, मोठे सीझन साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरला असतात. बरेच वादक बाहेरदेशातून येतात. त्याआधी 1935 ला मेहली मेहतांनी, म्हणजे प्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांच्या वडिलांनी, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, तो टिकला नाही.

पहिल्यांदा एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरला गेलो ते रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या चौथ्या सिम्फनीसाठी. लवकर जाऊन बसलो. ओबोने एक सूर धरला आणि सगळे त्याला जुळवून घ्यायला लागले, अगदी मैफिलीआधी तानपुरे जुळवतात तसं, आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तिसऱ्या भागात सगळ्या तंतुवाद्यांच्या लोकांनी गज बाजूला ठेवले, कोणी मांडीवर ठेवले, आणि नुसत्या बोटांनी छेडायला लागले. हेडफोनवर हे शंभरदा ऐकलं होतं पण तो सूर या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसांमधून धावत जाताना दिसतो हे माहीतच नव्हतं. दोघांत नोटेशनचा एक स्टँड असतो, पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वादक हात काढून उलटतो आणि बाहेरचा तेवढा वेळ दोघांचं वाजवतो. घरी आल्यावर तीच जुनी सीडी लावली, जास्त ऐकू यायला लागली होती.

थोडं कामाचं: वरच्या मागच्या सीट स्वस्त असतात आणि आवाज छान येतो. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत. वाजवायला शिकायचं असेल तर वेस्टर्न शिकवणाराच गुरू शोधा, आपल्याकडे मांडी घालून व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून वाजवतात, तिकडे खांद्यावर, सगळी पकडच वेगळी. मुलांसाठी एनसीपीएमध्ये 2012 पासून ऑर्केस्ट्राची अकॅडमी आहे, तिथे ऑर्केस्ट्रातलेच वादक शिकवतात.

त्या मुलीला पाचवीतली ओबोची जागा शोधायला सांगितलीये. सापडली की फेब्रुवारीची दोन तिकिटं काढणार, एक तिचं, एक माझ्या आईचं.