दहावीनंतर अमेरिकेत आलेल्या मुलांचा कॉलेज प्रवेश: या चुका टाळा

वडिलांची किंवा आईची बदली झाली आणि मूल नववी-दहावी करून अमेरिकेत आलं, की घरात पहिला प्रश्न ठरलेला: "सॅटला (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेला) किती पडले म्हणजे हार्वर्ड मिळेल?" कटऑफच्या सवयीतून आलेला हा प्रश्नच चुकीचा आहे. तिथे कटऑफ नसतो. 1600 पैकी 1580 घेऊनही नकार येतो.

"टेस्ट-ऑप्शनल आहे ना, मग सॅट कशाला?"

टेस्ट-ऑप्शनल म्हणजे परीक्षेचे गुण पाठवणं ऐच्छिक. त्यावर विसंबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एमआयटीने 2022 मध्येच परीक्षा पुन्हा सक्तीची केली. डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी 2024 मध्ये तोच निर्णय जाहीर केला. येलने सॅट किंवा एसीटी (सॅटसारखीच दुसरी परीक्षा) याऐवजी एपी (शाळेतच घेतले जाणारे कॉलेज-पातळीचे विषय) किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) यांचे गुणही चालतील अशी मुभा ठेवली. उलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी हे गुण बघतच नाही. त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका, प्रत्येक कॉलेजचा त्या वर्षीचा नियम वाचा.

आपल्या मुलांसाठी आणखी एक कारण आहे. अर्ज भरताना त्यांच्याकडे अमेरिकन शाळेचे जेमतेम दीड-दोन वर्षांचे ग्रेड्स असतात आणि एसएससीचे 92 टक्के म्हणजे नेमकं काय, हे तिथल्या अर्ज वाचणाऱ्याला माहीत असेलच असं नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजणारी गोष्ट उरते ती सॅट. ऐच्छिक असली तरी द्या. गुण पाठवायचे की नाही, ते नंतर ठरवा.

गुण कमी म्हणून लपवणं

कमी, पण कोणाच्या तुलनेत? डार्टमथने 2024 मध्ये परीक्षा परत आणली, त्यामागे एक अभ्यास होता. कमी उत्पन्नाच्या घरातली काही मुलं 1400 च्या आसपासचे गुण पाठवतच नव्हती आणि पाठवले असते तर त्यांना फायदा झाला असता, असं त्यात दिसलं. गुण त्या मुलाच्या शाळेच्या संदर्भात वाचले जातात. मात्र एडिसन किंवा क्युपर्टिनो अशा भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या गावांतल्या आयटीवाल्यांच्या मुलाने यावर फार विसंबू नये. तिथे 1400 वाले वर्गात बरेच असतात.

एकदाच देऊन थांबूही नका. पहिल्यांदा इंग्रजीत 630 आणि गणितात 790, दुसऱ्यांदा 690 आणि 760 पडले, तर अनेक कॉलेजं दोन्हीतले सर्वोत्तम घेऊन 1480 धरतात.

प्रश्न सोडून देणं

जेईईच्या क्लासची सवय. सॅटला निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही उत्तर कोरं ठेवू नका. डिजिटल सॅटमध्ये प्रत्येक विषयाचे दोन भाग (मॉड्यूल) असतात; पहिल्या मॉड्यूलवरून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून सुरुवातीची घाई जास्त नडते.

नावाचा घोळ

एसएससीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. परीक्षेची नोंदणी ओळखपत्राप्रमाणेच करा, अर्जातही तेच नाव ठेवा, नाहीतर गुण एकीकडे आणि अर्ज दुसरीकडे राहतो.

व्हिसाचा विचार शेवटी करणं

एच-4 वरचं (एच-1बी वर नोकरी करणाऱ्या पालकाच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावरचं) मूल अमेरिकेतल्या शाळेत शिकत असलं, तरी बरीच कॉलेजं त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. त्याला केंद्र सरकारची आर्थिक मदत मिळत नाही आणि अनेक ठिकाणी फी परवडण्याचा मुद्दा थेट निवडीत येतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ इथे तो येत नाही. यादी करतानाच हे बघा.

काउन्सेलरला न भेटणं

नव्या मुलाला शाळा कधी कधी झालेलंच गणित पुन्हा घ्यायला लावते. अशा वेळी जुना अभ्यासक्रम घेऊन काउन्सेलरकडे (शाळेतल्या मार्गदर्शकाकडे) जा आणि वरच्या वर्गासाठी प्लेसमेंट टेस्ट (पातळी ठरवणारी चाचणी) मागा. कॉलेजला शाळेचा अहवाल याच व्यक्तीकडून जातो; मूल कधी आलं, कुठून आलं, हे तिला माहीत नसेल तर त्यात येणार कसं? कॉमन अॅपमधल्या (अनेक कॉलेजांसाठी एकच असलेल्या ऑनलाइन अर्जातल्या) अतिरिक्त माहितीच्या रकान्यातही स्थलांतराबद्दल चार सरळ ओळी लिहा, रडगाणं नको. शिक्षकांची शिफारसपत्रं मात्र अकरावीच्या जूनमध्ये शाळा बंद होण्याआधीच मागून ठेवा, कारण सप्टेंबरमध्ये त्यांच्यापुढे रांग लागलेली असते.