जर्मन कलागीतांसाठी पियानोची साथ : या पेशाची तयारी कशी करावी

ख्यालाच्या मैफलीत संवादिनीवादक गायकाच्या किंचित मागे राहून त्याच्या स्वरांचा माग घेत जातो, आणि पुढे नेमके काय येणार हे त्यालाही ठाऊक नसते. युरोपातील कलागीताची, म्हणजे जर्मन भाषेत ज्याला लीड म्हणतात त्या गीतप्रकाराची, साथ करणाऱ्या पियानोवादकाची स्थिती याहून अगदी वेगळी आहे. त्याचा प्रत्येक स्वर संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो, आणि गायिकेने पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच गीतातली वेळ, जागा आणि मनाची अवस्था त्याला उभी करावी लागते. मराठीत यालाही 'साथ' म्हणण्यावाचून इलाज नाही. परंतु या पेशाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने त्या शब्दाला चिकटलेला दुय्यमपणाचा अर्थ आरंभीच मनातून काढून टाकावा. संगीतकार ह्यूगो वोल्फने १८८८ साली कवी म्यॉरिकेच्या कवितांना चाली दिल्या, तेव्हा त्या संग्रहाचे नाव त्याने 'एडुआर्ड म्यॉरिकेच्या कविता, एका आवाजासाठी आणि पियानोसाठी' असे ठेवले. कविता आधी आणि मग आवाज व पियानो शेजारी शेजारी, हाच क्रम तयारीतही पाळावा.

नवे गीत हाती आले की लगेच पियानोपाशी बसू नये. कविता वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावी, प्रत्येक शब्दाखाली त्याचा मराठी अर्थ लिहावा आणि ती मोठ्याने वाचत राहावी. संगीतकार शूबर्टचे, ग्योटेच्या 'फाउस्ट' नाटकातील चरख्यापाशी बसलेल्या ग्रेटशेन या मुलीचे गीत १९ ऑक्टोबर १८१४ रोजी लिहिले गेले. त्या वेळी तो सतरा वर्षांचा होता. उजव्या हातात अखंड फिरणारी स्वरावली म्हणजे चरख्याचे चाक, आणि डाव्या हातात ते चाक फिरवणाऱ्या पायाचा ठेका. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते तेथे चाक थांबते, आणि नंतर ते एकदम सुरू होत नाही. एकदा फिरून अडते, पुन्हा फिरू पाहते आणि मगच गती धरते. हे थांबे किती लांबवायचे ते मात्रा मोजून ठरत नाही. त्या मुलीला भानावर यायला किती वेळ लागेल, हे कवितेच्या वाचनातूनच उमगते आणि गायिकेशी बोलून नक्की होते.

जर्मन भाषा शिकण्याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. मुंबई आणि पुणे येथील मॅक्सम्युलर भवनात ती व्यवस्थित शिकता येते, आणि पुढे जर्मनी किंवा ऑस्ट्रियात शिकायचे असल्यास भाषेचे प्रमाणपत्र बहुधा लागतेच. वादनातही तिचा प्रत्यक्ष उपयोग होतो. चांगला गायक स्वर ठोक्यावर ठेवतो आणि त्याआधीची व्यंजने ठोक्यापूर्वी उरकतो. 'श्ट्रासं' या शब्दात 'श्ट्र' हे जोडाक्षर आधी येऊन जाते आणि 'आ' नेमका ठोक्यावर पडतो. वादकाने 'श' ऐकताच पट्ट्या दाबल्या, तर तो प्रत्येक वेळी थोडा आधी पोहोचेल आणि दोघांपैकी कोणाचे चुकते आहे हे श्रोत्यांना कळले नाही तरी गीत विस्कळीत वाटेल. म्हणून सरावात गायनाची ओळ स्वतः गात गात वाजवावी, श्वास कोठे घ्यावा लागतो ते पेन्सिलने खुणावून ठेवावे, आणि आपला आवाज कसाही असला तरी हे टाळू नये. जेथे आपला श्वास पुरत नाही, तेथे गायिकेला किती वेळ द्यावा लागेल हे त्यावरून शरीरालाच समजते.

हातांच्या तयारीसाठी शूबर्टच्याच १८१५ सालच्या 'एर्लक्योनिग', म्हणजे 'पिशाच्चराजा', या गीताइतकी कठोर परीक्षा क्वचितच सापडेल. उजव्या हाताला सुमारे चार मिनिटे दौडत्या घोड्याचे अष्टक-आघात, म्हणजे सप्तकाच्या दोन टोकांचे स्वर एकत्र दाबून केलेले ठोके, तीन-तीनच्या गटात वेगाने वाजवावे लागतात, आणि मनगट आवळले गेले की दुसऱ्या पानावरच हात दगडासारखा होतो. आरंभी आठ-दहा मापांचेच (स्वरलिपीतील उभ्या रेषांमधल्या खणांचेच) तुकडे हलक्या आवाजात घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्यानंतर हात पूर्ण सैल सोडावा. डावा हात मोकळा असेल तेथे अष्टकाचा खालचा स्वर त्याच्याकडे सोपवण्यात कमीपणा नाही. शूबर्टनेही या गीताची एक आवृत्ती तीनऐवजी दोन-दोन आघातांची, म्हणजे वाजवायला सोपी अशी लिहिली होती. मात्र सारा सराव मनगटावर खर्च करू नये. या गीतात निवेदक, आजारी मुलाला घोड्यावरून घेऊन जाणारा बाप, तो मुलगा आणि त्याला भुलवणारा एर्लक्योनिग असे चौघे बोलतात. एर्लक्योनिग बोलू लागतो तेव्हा पियानोची चाल बदलते आणि आवाज अगदी खाली येतो. ते आमिष पियानोतूनही ऐकू आले पाहिजे.

आवाजाच्या तोलाविषयी नवशिक्यांना एकच उपाय माहीत असतो, तो म्हणजे सगळेच हळू वाजवणे किंवा पियानोचे झाकण मिटणे. दोन्हींमुळे गायिका उघडी पडते. तिला सूर सापडतो तो मंद्रातील स्वरांवरून, म्हणून डाव्या हाताची करंगळी भक्कम ठेवावी, आणि उजवा हात गायनाचीच ओळ दुहेरी वाजवत असेल तेथे ती मागे घ्यावी. मधले स्वर सर्वांत पातळ असावेत. हे साधले, तर झाकण पूर्ण उघडे ठेवूनही आवाज झाकला जात नाही.

मराठी संगीतरसिकांना पट्टी बदलणे नवे नाही. आज काळी एक, उद्या पांढरी चार, हे संवादिनीवादकाच्या अंगवळणी पडलेले असते. कलागीतांच्या वादकाकडूनही तीच अपेक्षा असते, कारण एकच गीत उंच, मध्यम आणि खालच्या आवाजांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत छापले जाते आणि हवी ती आवृत्ती हाताशी असेलच असे नाही. रोज एक सोपे गीत आधी एक स्वर खाली, मग दीड स्वर खाली वाजवावे. खाली उतरल्यावर डाव्या हाताचे स्वरसमूह जड आणि गढूळ होतात, त्यामुळे पेडल कमी करून ते हलके करावे लागतात. मूळ पट्टी पवित्र मानण्याचेही कारण नाही. 'विंटररायसं' (हिवाळी प्रवास) या १८२७ च्या चोवीस गीतांच्या मालिकेतील शेवटचे गीत शूबर्टच्या हस्तलिखितात बी मायनरमध्ये आहे आणि छापील आवृत्तीत ए मायनरमध्ये. संपूर्ण मालिका खाली घेताना मात्र एका गीताकडून दुसऱ्या गीताकडे जाण्याची वाट तुटत नाही ना, हे दोघांनी मिळून पाहावे.

संगीतकार शूमानकडे आल्यावर पियानोवादकाची जबाबदारी आणखी वाढते. १८४० साली लिहिलेल्या 'डिष्टरलीबं' (कवीचे प्रेम) या मालिकेतील पहिले गीत अशा स्वरसमूहावर संपते की कान पुढच्या विसाव्याची वाट पाहत राहतो, आणि तो विसावा तेथे येत नाही. तो आपण मनानेही पुरवू नये. हात पट्ट्यांवरच ठेवून पुढील गीत उचलावे. त्याच वर्षीच्या 'फ्राउएनलीबं उंड लेबन' (स्त्रीचे प्रेम आणि जीवन) या गीतमालिकेमध्ये नवऱ्याच्या मृत्यूनंतर स्त्री गप्प होते, आणि पहिल्या गीताची आठवण एकटा पियानो पुन्हा वाजवतो. गायिका त्या वेळी समोर उभीच असते, म्हणून हा भाग एकलवादनासारखा रंगवू नये. तिच्या गप्प राहण्याचा तो एक भाग आहे.

शिक्षणासाठी लंडनचे गिल्डहॉल स्कूल आणि रॉयल अकॅडमी, व्हिएन्नाचे संगीत विद्यापीठ, श्टुटगार्ट, म्युनिक व कार्ल्सरूह येथील उच्च संगीत विद्यालये आणि न्यूयॉर्कचे जुलियार्ड यांचे अभ्यासक्रम पाहावेत. जर्मन संस्थांत हा विषय 'लीडगेश्टाल्टुंग' (गीताची घडण) या नावाने शिकवला जातो. स्पर्धांचाही उपयोग होतो: लंडनच्या विगमोर हॉलमधील गीतस्पर्धेत पियानोवादकासाठी स्वतंत्र पारितोषिक आहे, आणि श्टुटगार्टच्या ह्यूगो वोल्फ अकादमीची स्पर्धा गायक-वादकांच्या जोडीसाठीच असते. म्हणून आपल्याच वयाचा एक गायक शोधून त्याच्याबरोबर वाढणे सर्वांत शहाणपणाचे आहे. गायक क्रिस्टियान गेरहाहेर आणि पियानोवादक गेरोल्ड हूबर ही जोडी विद्यार्थिदशेपासून एकत्र आहे.

मुंबई, पुणे किंवा गोव्यात राहून सुरुवात करायची असल्यास ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या ब्रिटिश संगीतपरीक्षा-संस्थांच्या गायनपरीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वाजवावे आणि चर्चमधील गायकवृंदाला साथ करावी. अनोळखी आवाज आणि आयत्या वेळी पुढ्यात आलेली पाने यांची सवय तेथेच लागते. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, पॅट्रिशिया रोझारिओ यांनी पियानोवादक मार्क ट्रूप यांच्यासह 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया' हा उपक्रम चालवून आपल्याकडील तरुण गायकांना शिकवले आहे. अशा शिबिरांत वादकांनाही शिकण्यासारखे पुष्कळ असते.

उपजीविकेविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. केवळ गीतमैफलींवर जगणारे वादक जगभरात फार थोडे आहेत. बाकीच्यांची मिळकत संगीत विद्यालयांत गायनाच्या तासांना वाजवण्यातून, गायकांकडून भूमिका आणि उच्चार पक्के करून घेण्यातून, ऑपेराच्या तालमींतून, निवडचाचण्यांतून आणि शिकवण्यांतून येते. ही कामे कमी प्रतीची समजू नयेत. गीतांचा साठा आणि गायकांच्या ओळखी दोन्ही तेथेच वाढतात. मानधनाची वाटणी आणि तालमींच्या तासांचा हिशेब मैफल स्वीकारतानाच लेखी ठरवावा, आणि कार्यक्रमपत्रिकेत आपले नाव गायकाच्या नावाइतक्याच आकाराच्या अक्षरांत असावे, असे संकोच न करता सांगावे. गीतांचे साथीदार पियानोवादक जेराल्ड मूर यांनी आयुष्यभर या पेशाच्या मानासाठी आग्रह धरला, आणि १९६७ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांच्या निरोपाच्या मैफलीत श्वार्त्सकोप्फ, दे लोस आंहेलेस आणि फिशर-डीस्काऊ असे तिघे अव्वल गायक त्यांच्यासाठी गायले.

मैफलीच्या दिवशी सभागृहात गायिकेच्या आधी पोहोचावे आणि खुर्चीची उंची व पेडल तपासून घ्यावे. पाने उलटणाऱ्याबरोबर अवघड जागा एकदा पाहून ठेवाव्यात. गायिकेची उभे राहण्याची जागा अशी ठरवावी की तिचा श्वास भरताना हलणारा खांदा आपल्याला दिसेल. तिने एखादे कडवे गाळले, तर तिच्याकडे न पाहता तिच्याबरोबर उडी घ्यावी. पिशवीत कार्यक्रमातील प्रत्येक गीताची एक स्वर खालची प्रत असू द्यावी, कारण तिचा घसा बसल्याचे आपल्याला बहुधा दुपारी चारच्या सुमारास कळते.