इंग्रजीच्या आधाराने रशियन शिकताय? मग या चुका टाळा

रशियन शिकायला बसलेल्या मराठी माणसाच्या हातात बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकच पडतं. त्यात पहिल्या काही धड्यांतच एक वाक्य येतं: डायरेक्ट ऑब्जेक्ट ॲक्युझेटिव्हमध्ये जातं. डायरेक्ट ऑब्जेक्ट हा शब्द शाळेत पाठ केलेला असतो, पण त्याचा कधी उपयोग पडलेला नसतो. मग काही जण व्याकरणाची पानं उलटून नुसते संवाद घोकतात, तर काही जण प्रत्येक रशियन वाक्य आधी इंग्रजीत जुळवतात आणि शब्दाला शब्द ठेवतात. गाडी दोन्हीकडे अडते. इंग्रजी व्याकरण लागतं ते पुस्तकाची भाषा कळण्यापुरतं. रशियन वाक्य मोजायची फूटपट्टी म्हणून ते वापरलं की चुका सुरू होतात.

एक सूचना आधीच. इथे रशियन शब्द उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत दिले आहेत, पण शिकताना हे करू नका. रशियन ज्या किरील लिपीत लिहितात तिची रशियनमधली अक्षरं ३३ आहेत, ती थोड्याच दिवसांत बसतात. आघात नसलेला 'ओ' रशियनमध्ये 'अ'सारखा ऐकू येतो, त्यामुळे देवनागरीतल्या नोंदींवरून स्पेलिंग कधीच कळणार नाही.

संज्ञा कच्च्या ठेवून पुढे जाणं

इंग्रजीत कर्ता कोण आणि कर्म कोण हे शब्दाच्या जागेवरून ठरतं. रशियनमध्ये ते शब्दाच्या शेवटावरून ठरतं. 'सबाका वीदित माल्चिका' म्हणा किंवा 'माल्चिका वीदित सबाका' म्हणा, बघतो आहे तो कुत्राच, मुलगा नव्हे. इंग्रजी सवयीने वाचणारा दुसऱ्या वाक्यात हमखास उलटा अर्थ लावतो. 'मुलाला कुत्रा बघतोय' हे मात्र आपल्याला जराही अडत नाही, कारण 'ला' कुठे लागला ते आपण आपसूक पाहतो.

म्हणून इंग्रजी संज्ञा आपल्या विभक्त्यांशी एकदा जोडून घ्या. नॉमिनेटिव्ह म्हणजे प्रथमा, ॲक्युझेटिव्ह द्वितीया, इन्स्ट्रुमेंटल तृतीया, डेटिव्ह चतुर्थी, जेनिटिव्ह षष्ठी. सहावी प्रेपोझिशनल, ती साधारण सप्तमीच्या वळणाची, पण शब्दयोगी अव्ययाशिवाय कधी येत नाही, आणि तिथे ते अव्यय नामाच्या आधी लागतं. ही जोडणी ओळखीपुरतीच आहे, तंतोतंत नाही. तरी धडा वाचताना अर्धा गोंधळ तिनेच मिटतो.

इंग्रजीचा एक शब्द म्हणजे रशियनचाही एकच, असं धरणं

सगळ्यात जास्त फसवतो तो 'विथ'. 'विथ अ पेन' आणि 'विथ अ फ्रेंड' यांत इंग्रजीला फरक दिसत नाही. रशियनमध्ये पेन नुसतं तृतीयेत जातं, 'रूच्कय', आणि मित्राच्या आधी 'स' लागतो: 'स द्रूगम'. शिकणारा पेनाच्या आधीही 'स' लावतो, म्हणजे पेनाला सोबतीला घेऊन लिहायला बसतो! पेनाने आणि मित्राबरोबर हा भेद आपल्या भाषेत आहेच, तो इंग्रजीतून जाताना उगाच हरवतो.

'आय हॅव' आणि 'आय लाइक' यांचंही तसंच. 'ऊ मिन्या येस्त्य' म्हणजे माझ्याकडे आहे आणि 'म्न्ये न्रावित्सा' म्हणजे मला आवडतं. दोन्हीकडे 'मी' कर्ता नाही. इंग्रजीवरून येणारा मात्र सुरुवातीलाच 'या' (रशियन 'मी') ठेवतो आणि पुढे अडकतो.

काळाचे तक्ते इंग्रजीतून आणणं

या चुकीपाशी जरा थांबायला हवं, कारण ती उशिरा लक्षात येते. रशियन क्रियापदं बहुधा जोडीने शिकावी लागतात, एक अपूर्ण आणि एक पूर्ण: 'चितात्य' (वाचणं) आणि 'प्रचितात्य' (वाचून काढणं). इंग्रजी घोटलेला माणूस लगेच मांडणी करतो की कंटिन्युअस म्हणजे अपूर्ण आणि परफेक्ट म्हणजे पूर्ण. सोपी वाक्यं निभावतात. मग एखाद्याला विचारायचं असतं, तू हे पुस्तक वाचलं आहेस का? इंग्रजीत हे प्रेझेंट परफेक्ट, म्हणून तो पूर्ण रूप लावतो. साधी चौकशी असेल तर रशियन माणूस म्हणतो 'ती चिताल एतू क्नीगू?', म्हणजे अपूर्ण रूप. कधी वाचनात आलंय का, एवढंच त्याला विचारायचं आहे. 'प्रचिताल' म्हटलं तर वाचून संपवलंस का, असा सूर येतो, जणू ते वाचायचं ठरलंच होतं.

इथे मराठीत विचार करून बघा. वाचत होतो, वाचायचो, रोज वाचलं: अपूर्ण. वाचून काढलं, वाचून टाकलं: पूर्ण. नुसतं 'वाचलं' दोन्हीकडे जाऊ शकतं, तिथे संदर्भ पाहावा लागतो.

याच जोडीतल्या दोन गोष्टी तपासून घ्या. पूर्ण क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो. 'प्रचितायू' दिसायला वर्तमानासारखं असलं तरी अर्थ 'वाचून काढीन' असा भविष्याचा. आणि सुरू करणं, चालू ठेवणं, संपवणं या क्रियापदांनंतर पूर्ण रूप कधीही चालत नाही. 'नाचल चितात्य' (वाचायला सुरुवात केली) बरोबर, 'नाचल प्रचितात्य' चूक.

इंग्रजी शाळेत ज्यासाठी सर्वांत जास्त छड्या बसल्या असतील तो नियम, रिपोर्टेड स्पीचमध्ये काळ मागे नेण्याचा, रशियनमध्ये सरळ विसरायचा. तो म्हणाला की काम करतोय: 'ओन स्कझाल, श्तो रबोतायेत'. वर्तमान तसाच राहतो, अगदी मराठीसारखा. 'इफ'नंतर वर्तमानकाळ ठेवायची सवयही सोडा. तो येणार असेल तर रशियनमध्ये भविष्यच येतो: 'येस्ली ओन प्रिद्योत'.

आणि मग मराठीवरच विसंबणं

एवढं वाचून कोणी इंग्रजी बाजूला सारून मराठीवरून भाषांतर करू लागेल, तर तिथेही खड्डे आहेत. मोठा खड्डा 'ने'चा. 'मुलीने पत्र लिहिलं' यात आपण कर्त्याला 'ने' लावतो आणि क्रियापद पत्राप्रमाणे नपुंसकलिंगी करतो. रशियन तसं करत नाही. तिथे मुलगी प्रथमेतच राहते आणि क्रियापद तिच्याप्रमाणे चालतं: 'द्येवच्का नपिसाला पिस्मो'. मराठी डोक्यात असलेला शिकाऊ मुलीला तृतीयेत घालतो, किंवा पत्र तिकडेही नपुंसकलिंगी म्हणून 'नपिसालो' म्हणतो. इथे इंग्रजीचा साधा प्रश्न कामाला येतो: सब्जेक्ट कोण?

'ला'चंही असंच. भावाला बघतो आणि भावाला देतो, आपल्याकडे एकच प्रत्यय. रशियनमध्ये पहिल्यात 'ब्राता', दुसऱ्यात 'ब्रातू'. डायरेक्ट आणि इनडायरेक्ट ऑब्जेक्टचा इंग्रजी भेद इथेच उपयोगी पडतो. 'शाळेत आहे' आणि 'शाळेत जातो' यांतला फरकही इंग्रजीच दाखवते, 'इन' आणि 'टू' असे वेगळे शब्द असल्यामुळे. रशियनमध्ये राहणं 'फ् श्कोल्ये', जाणं 'फ् श्कोलू'.

लिंगाच्या बाबतीत दोघींनाही विचारू नका. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, 'क्नीगा' स्त्रीलिंगी. खिडकी स्त्रीलिंगी, 'अक्नो' नपुंसकलिंगी. इंग्रजी तर सगळ्यांना 'इट' म्हणून मोकळी होते. रशियन शब्दाचं शेवटचं अक्षर पाहिलं की बहुतेक वेळा लिंग कळतं, फक्त शेवटी मृदुचिन्ह (ь हे अक्षर) असलेले शब्द लिंगासकट पाठ करा.

आकड्यांपुढे तर दोन्ही भाषा हात टेकतात. 'अदीन स्तोल' (एक टेबल), 'द्वा स्तला' (दोन टेबलं), 'प्यात्य स्तलोफ' (पाच टेबलं): १ नंतर प्रथमा, २ ते ४ नंतर षष्ठी एकवचन, ५ पासून षष्ठी अनेकवचन. आणि २१ आला की पुन्हा 'स्तोल'. का, असं विचारत न बसता हे मोठ्याने म्हणत राहायचं.