बल्करमधे ओला माल चढतोय का, ते कसं ओळखायचं

जहाज बुडालं म्हटलं की लोकांना वादळ नाहीतर टक्कर आठवते, पण बल्कर, म्हणजे खनिजासारखा सुटा माल नेणारं जहाज, बऱ्याचदा पोटातल्या मालानेच जातं. ऑक्टोबर 2017 मधे एमराल्ड स्टार निकेल ओर घेऊन इंडोनेशियाहून चीनला चाललेलं, 26 च्या 26 माणसं भारतीय, फिलिपिन्सजवळ बुडालं, 10 जण गेले. बल्क ज्युपिटर मलेशियातल्या क्वांतानहून 46,400 टन बॉक्साइट घेऊन निघालं आणि 2 जानेवारी 2015 ला व्हिएतनामजवळ गेलं, 19 पैकी फक्त कुक वाचला. बॉक्साइटला तेव्हा सुट्या मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, म्हणजे आयएमएसबीसी कोडमधे, जास्तीत जास्त 10 टक्के ओल चालायची, यात सरासरी 21.3 टक्के, कारण लोडिंगच्या दिवसांत तिकडे पाऊस कोसळत होता.

होतं काय की माल दिसतो सुक्या मातीसारखा पण बारीक कणांमधे पाणी अडकलेलं असतं, जहाज डुलून आणि इंजिनाच्या हादऱ्याने कण दबतात, पाण्याला जायला जागा नसते आणि ढीगच पातळ होतो. समुद्रकिनारी ओल्या वाळूत एका जागी उभं राहून पाय हलवत बसा, लगेच कळेल.

तर डेकवर जॉईन होणाऱ्यांनी आधी कागद बघायचे. टीएमएलचं (ट्रान्सपोर्टेबल मॉइश्चर लिमिट) सर्टिफिकेट, म्हणजे ज्या ओलीला माल वाहायला लागतो तिच्या साधारण 90 टक्क्यांवर ठरवलेली मर्यादा, हे सहा महिन्यांच्या आतलं हवं. प्रत्यक्ष ओल किती याचा रिपोर्ट लोडिंगच्या आधी सात दिवसांतला, आणि मधे पाऊस पडला असेल तर नवा मागायचा, शिपर, म्हणजे माल पाठवणारा, कितीही तोंड वाकडं करू दे. मर्यादा 10.5 आणि रिपोर्ट 10.4 असा काठावरचा आकडा दिसला तर मला तरी तो कागद खरा वाटत नाही.

मग ढीग बघायला जायचं. वरचा थर उन्हात सुकलेला असतो, त्यावरून अंदाज बांधू नका, आत हात घालून वेगवेगळ्या जागचा माल घ्या. गोव्यात फाइन्स, म्हणजे खनिजाचा बारीक चुरा, नदीकाठच्या प्लॉटवर उघड्यावर पडून असायचे आणि तिथून बार्जने यायचे, तिथे तर बार्ज बार्ज बघावी लागते. 2009 च्या पावसाळ्यात मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि पारादीपजवळ ब्लॅक रोज, दोन्ही आपल्याकडचे आयर्न ओर फाइन्स घेऊन बुडाली.

आता कॅन टेस्ट. अर्धा ते एक लिटरचा डबा अर्धा भरायचा, साधारण 20 सेंटीमीटरवरून कडक जागेवर आपटायचा, एक-दोन सेकंदांच्या अंतराने निदान 25 वेळा. वर पाणी आलं, चकाकी आली किंवा माल लिबलिबीत झाला तर तो चढवायचा नाही, लॅबकडे पाठवा. पण सुका राहिला म्हणजे पास असं मुळीच नाही, ओल मर्यादेच्या वर असूनही डबा सुका दिसू शकतो, आणि इथेच लोक फसतात. होल्डमधेही, म्हणजे जहाजाच्या माल भरायच्या कप्प्यातही, लक्ष ठेवा, ग्रॅबमधून (क्रेनच्या पंजातून) माल पडताना भिंतीवर चिखलाचे शिंतोडे उडत असतील तर माल ओला आहे असं समजायला ते पुरेसं आहे. पाऊस आला की हॅच (होल्डचं झाकण) बंद.

शंका आली की लोडिंग थांबवायचं, चीफ मेटला आणि कॅप्टनला सांगायचं, लेखी प्रोटेस्ट द्यायचा, जहाजाच्या विमा क्लबमार्फत (पी अँड आय) स्वतंत्र सर्व्हेअर बोलवायचा. चार्टरर, म्हणजे जहाज भाड्याने घेणारा, दिवसाचं भाडं ऐकवेल, ऐकवू दे, सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे सेफ्टीच्या बाबतीत शेवटचा शब्द कॅप्टनचा.

आणि समुद्रात जहाज आळशासारखं डुलायला लागलं, एका बाजूला कललं आणि नीट परत येईना, तर दुसऱ्या बाजूला बॅलास्ट (तोल राखायचं पाणी) भरून सरळ करायला जाऊ नका, माल तिकडे सरकला तर जहाज पलटी होईल. स्पीड कमी करा, डुलणं कमी होईल असा कोर्स घ्या, लगेच डिस्ट्रेस पाठवा, जनरल अलार्म द्या, सगळ्यांना लाइफजॅकेट आणि इमर्शन सूट (थंड पाण्यापासून वाचवणारा) घालून मस्टर स्टेशनला, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी, आणा, केबिनमधलं सामान घ्यायला कोणाला परत पाठवू नका.