अन्ननलिकेचा सुरुवातीचा कर्करोग : रेडिएशन घेताना

गाठ फक्त नळीच्या आतल्या अस्तरात असेल तर ती बहुधा दुर्बिणीतूनच काढतात. ते जमत नसेल किंवा शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तेव्हा रेडिएशनचा विचार होतो, बहुतेकदा केमोसोबत. नेहमीचा डोस ५०.४ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), रोज १.८ ग्रे, आठवड्यात ५ दिवस, एकूण २८ वेळा.

आधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो आणि त्वचेवर खुणा करतात. त्या घासून पुसू नका. गाठ खालच्या टोकाला असेल तर स्कॅनच्या वेळी पोट जितकं रिकामं होतं तितकंच रोज ठेवा. भरलेलं पोट जागा बदलतं आणि नेम चुकतो.

खरा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो : गिळताना जळजळ. दुखतं म्हणून खाणं कमी होतं, वजन उतरतं आणि उपचारात खंड पडतो. खंड पडला की उरलेल्या पेशींना वाढायला वाव मिळतो, म्हणून दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरांकडून बधिर करणारं औषध मागून जेवणाआधी घ्या. मऊ, कोमट पदार्थ दिवसातून ६-७ वेळा थोडे थोडे खा. नंतर अर्धा तास आडवं होऊ नका. तंबाखू, दारू पूर्ण बंद. वजन दर आठवड्याला नोंदवा.

पाणीही गिळता येईना, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. उपचार संपल्यावरही जळजळ दोन-तीन आठवडे राहते.