शरीराचा प्रकार पाहून आहार ठरवताना या चुका टाळा

गेली सतरा वर्षे मी पुण्यात व्यायाम शिकवतो आहे. नाव नोंदवायला येणारी मुले हल्ली वजन सांगण्याआधी स्वतःचा प्रकार सांगतात: ‘सर, मी एक्टोमॉर्फ आहे, माझ्या अंगाला काही लागतच नाही.’ सडपातळ ते एक्टोमॉर्फ, स्थूल ते एंडोमॉर्फ आणि जात्याच रुंद खांद्यांचे ते मेसोमॉर्फ, असे तीन कप्पे मोबाइलवरच्या एखाद्या प्रश्नावलीने त्यांच्या हाती दिलेले असतात आणि प्रत्येक कप्प्यासोबत आहाराचा एक तयार तक्ताही आलेला असतो. मला वर्षानुवर्षे निस्तराव्या लागणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ त्या तक्त्यात आहे.

ही विभागणी विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात लोकप्रिय केली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची छायाचित्रे अभ्यासून देहाच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव ओळखता येईल, असे त्याचे म्हणणे होते. तो स्वभावसिद्धांत पुढे मागे पडला आणि त्याचा आहाराशी तर मुळातच संबंध नव्हता. शिवाय शेल्डन प्रत्येक व्यक्तीला तिन्ही घटकांसाठी १ ते ७ असे वेगवेगळे गुण देत असे, म्हणजे त्याच्या हिशेबातही माणूस एकाच कप्प्यात बसत नव्हता. हाडांची जाडी आणि हातापायांची लांबी जन्मजात असते, हे खरे. मांडीचे हाड लांब असलेल्याला खांद्यावर वजन घेऊन बैठक मारताना अधिक पुढे झुकावे लागते, हे मी रोज पाहतो. परंतु त्यावरून ताटात काय वाढायचे, हे ठरत नाही.

बारीक आहे, म्हणून काहीही खाल्ले तरी चालेल

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती एकदा माझ्या डोळ्यांदेखत घडली आणि मी ती वेळेवर ओळखली नाही. सातारा जिल्ह्यातून शिकायला आलेला एक मुलगा माझ्याकडे येत असे. उंची १७३ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. प्रश्नावलीने त्याला एक्टोमॉर्फ ठरवले होते आणि तक्त्यात दर दोन तासांनी खाण्याचा सल्ला होता. त्याने वजन वाढवण्याच्या पावडरचा डबा आणला, रोज सहा केळी, रात्री दोन वडापाव आणि झोपताना साखर घातलेले दूध सुरू केले. चार महिन्यांत वजन ६३ किलो झाले. तो खूश होता आणि काट्यावरचा आकडा पाहून मीही समाधानी होतो.

एके दिवशी त्याने पँट घट्ट होत असल्याची तक्रार केली, तेव्हा मी प्रथमच टेप काढली. कंबर ७४ सेंटिमीटरवरून ८७ वर गेली होती. वहीत पाहिले, तर बैठकेचे वजन चार महिन्यांत ५० किलोवरून केवळ ५५ किलोवर पोहोचले होते. नऊ किलोंपैकी फार थोडे स्नायूंवर चढले होते आणि बाकीचे पोटाभोवती साठले होते. डब्यावरची माहिती वाचली, तर एका मापात प्रथिनांच्या पाचपट कर्बोदके निघाली.

आपल्याकडे ही चूक विशेष महाग पडते, आणि त्यामागचे संशोधन पुण्यातच झालेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना मांडली. उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता, चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा बरेच कमी, सुमारे २.७ किलो भरले, पण त्यांची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. कमतरता होती ती स्नायूंची. म्हणजे दिसायला किडकिडीत असलेला आपला मुलगा आतून चरबीयुक्त असू शकतो, आणि ‘वाटेल ते खा’ हा सल्ला त्याला मधुमेहाच्या दिशेने नेऊ शकतो. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच वजन जास्त मानतात. कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरतात. माझा विद्यार्थी २१ व्या वर्षी त्या मर्यादेपासून तीन सेंटिमीटर दूर होता.

त्या दिवसापासून मी नवीन माणसाला प्रकार विचारत नाही. आठवड्यातून चार सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्याआधी वजन करून त्यांची सरासरी लिहायला लावतो. दर रविवारी बेंबीच्या पातळीवर शिंप्याच्या टेपने कंबर मोजायची आणि प्रत्येक व्यायामाचे वजन वहीत नोंदवायचे. बारीक माणसाचे वजन आठवड्याला साधारण पाव किलोने वाढावे. उचलायचे वजन न वाढता कंबरच वाढत असेल, तर वरचे खाणे ताबडतोब कमी करतो. सहा ते आठ आठवड्यांच्या नोंदी माणसाच्या शरीराविषयी जे सांगतात, ते कोणतीही प्रश्नावली सांगू शकत नाही. मात्र तेवढे आठवडे थांबण्याची तयारी फार थोड्यांची असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रथिनांचा हिशेब सर्वांना एकच लागू आहे: स्नायू वाढवायचे असतील, तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम पुरतात. चार अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम सोयाबीन वड्या, दोन वाट्या घट्ट वरण आणि ज्वारीच्या तीन मोठ्या भाकऱ्या यांत तो आकडा जवळपास पूर्ण होतो. त्या मुलाला मी हेच दिले, वर एक मूठ शेंगदाणे ठेवले आणि पावडर बंद केली. आठ महिन्यांनी त्याचे वजन ६२ किलो होते, कंबर ७९ आणि बैठक ९० किलो.

एंडोमॉर्फ आहे, म्हणून भाकरी बंद

भाकरी बंद केली की पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि माणूस हुरळून जातो. शरीरातील साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. साठा रिकामा झाला की ते पाणी जाते, आणि तीच घट काट्यावर दिसते. तिसऱ्या आठवड्यात व्यायामाला उचललेले वजन हातातून सुटू लागते आणि पाचव्यात माणूस येणे बंद करतो. पिठाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ४ कॅलरी असतात, तेलाच्या ग्रॅममध्ये ९. म्हणून मी भाकरीला हात लावत नाही. फोडणीचे तेल चमच्याने मोजायला सांगतो आणि संध्याकाळचे फरसाण व दिवसातला चौथा चहा काढून टाकतो.

पैलवानाचा खुराक आणि खुर्चीवरची नोकरी

कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल बदाम, तूप आणि थंडाई पचवतो, कारण तो पहाटे आणि सायंकाळी तासन्तास जोर, बैठका आणि मातीतली मेहनत करतो. आठ तास संगणकापुढे बसून चाळीस मिनिटे व्यायाम करणाऱ्याने तोच खुराक घेऊ नये. त्या परंपरेविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच मेहनत वगळून तिचे फक्त तूप उचलणारे मला सहन होत नाहीत.

पोटाचे व्यायाम केल्याने पोटावरचीच चरबी जात नाही. दर तीन आठवड्यांनी व्यायामाचा तक्ता बदलू नये. सहा तासांपेक्षा कमी झोपून स्नायूंची अपेक्षा धरू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. क्रिएटिन, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी घेतली जाणारी पूरक पावडर, रोज ३ ते ५ ग्रॅम पुरते. ते घेत असाल, तर रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना तसे सांगावे, कारण त्यामुळे अहवालात क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम तपासण्यासाठी मोजतात तो, आकडा वाढलेला दिसू शकतो आणि घरचे विनाकारण घाबरतात.