चढावरच्या घराला नवं प्रवेशद्वार करताना

नाशकात पांडवलेण्यांच्या पायथ्याला किंवा म्हसरूळला चामरलेण्याच्या अंगाला घर असलं, की रस्ता खाली आणि ओटा वर, हे ठरलेलंच. अशा घराचं प्रवेशद्वार बदलायचं म्हटलं की लोक आधी कमानीचे आणि ग्रिलचे फोटो काढून बसतात. मी म्हणेन, आधी एक पावसाळा बघा. जोराची सर आली की छत्री घेऊन बाहेर पडा, पाणी कुठून येतं नि कुठे वळतं ते पाहून खुंट्या ठोका. पायऱ्या त्या वाटेवर नकोत. नकोच म्हणता येत नसेल तर वरच्या अंगाला आडवी गटार काढून पाणी बाजूला घ्या.

दिवाळीनंतर काम काढा. उंची मोजायला पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्या; उतारावर नजर हमखास फसते. समजा रस्त्यापासून ओट्यापर्यंत 60 इंच भरले. 6 इंचांचा एक चढ, म्हणजे एका पायरीची उंची, धरला तर चढ झाले 10. शेवटचा चढ ओट्यावरच नेतो, म्हणून पायऱ्या 9. प्रत्येकी 12 इंच रुंद धरून 9 फूट जागा, आणि दारापुढे निदान 4 फूट सपाट ओटा. नाहीतर दार बाहेर उघडताना पाहुणा मागच्या मागे. व्हीलचेअरच्या रॅम्पला 1:12 चा उतार लागतो, म्हणजे इथे 60 फूट लांबी. तेवढी जागा नसेल तर चढ 5 इंचांचे करा आणि 3 फूट उंचीचा कठडा लावा. आजीचे गुडघे दुवा देतील.

आमची चूक फरशीत झाली. गवंड्याने कच्च्या पायऱ्या बरोबर 6 इंचांच्या काढल्या, वर दगड आणि मसाला मिळून 2 इंच चढले. ओटा आधीच तयार होता. मग काय, पहिला चढ 8 इंचांचा, शेवटचा 4 चा, आणि नवा माणूस नेमका तिथेच ठेचकाळतो. कच्चं काम करताना पहिला चढ 4 आणि शेवटचा 8 इंच ठेवला असता, तर सगळे सारखे आले असते.

खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत पाया न्या. पायऱ्या घराच्या जोत्याला जोडून ओतू नका, मधे सांधा सोडा; दोघं वेगवेगळे खचतात. माती अडवायला भिंत लागली तर तिच्या मागे दगडगोट्यांचा भराव घाला, आणि भिंतीत आरपार 3 इंची पाइपचे तुकडे बाहेरच्या बाजूला किंचित उतरते बसवा. पाणी अडलं की भिंत पोट काढते. भिंत 4 फुटांच्या वर जात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. परवानगी लागते का, हे महापालिकेत आधीच विचारून घ्या, आणि पहिली पायरी रस्त्यावर येऊ देऊ नका.

पायऱ्यांना छिन्नीने टाकी मारून खरबरीत केलेला काळा दगड उत्तम. पॉलिश केलेला ग्रॅनाइट श्रावणात काचेसारखा होतो. प्रत्येक पायरी पुढे साधारण पाव सूत नव्हे, चांगली एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतरती ठेवा. काँक्रीटवर गोणपाट टाकून किमान 7 दिवस ते ओलं ठेवा. पाणी मारायची नळी कुणाच्या हातात द्यायची ते आदल्या दिवशीच ठरवा.